इंग्रजीतील ‘एस’ आणि ‘ईडी’ : मराठी माध्यमातील व्याकरणाध्यापनाची चिकित्सा

दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ मध्ये ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, तेव्हा मराठीच्या मांडणीसाठी त्यांनी इंग्रजी व्याकरणाच्या चौकटीचा आधार घेतला. नामापासून केवलप्रयोगी अव्ययापर्यंतच्या आठ शब्दजाती पुढे शालेय मराठीत रुजल्या. मराठी समजावण्यासाठी इंग्रजीचा आधार घेण्याची ही परंपरा जुनी आहे. इंग्रजी समजावताना मराठी व्याकरणाचा आधार मात्र क्वचितच घेतला जातो. महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले, तरी नियमित अनेकवचने आणि क्रियापदांची रूपे शिकवण्याची पद्धत बहुतांशी अक्षरनिष्ठच राहिली.

शब्दाच्या शेवटी ‘एस’, ‘एसएच’, ‘सीएच’ किंवा ‘एक्स’ असल्यास ‘ईएस’ लावावा, हा तो परिचित नियम. त्यानुसार ‘वॉच’चे ‘वॉचेस’ होते. ‘स्टमक’ या शब्दाच्या शेवटीही ‘सीएच’ ही अक्षरे आहेत. त्याला मात्र नुसता ‘एस’ लागतो. विद्यार्थ्याला हा अपवाद म्हणून पाठ करावा लागतो. वस्तुतः तो अपवाद नाहीच. प्रत्यय अक्षर पाहत नाही, ध्वनी पाहतो. ‘स्टमक’च्या अखेरीस ‘च’ नसून ‘क’ आहे.

भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील निरगुडसरसारख्या गावात, जेथे घरी आणि शिवारात मराठीच बोलली जाते, तेथील विद्यार्थ्याजवळ या विषयाची सामग्री आधीच असते. ऊस वाहणाऱ्या ‘ट्रॉली’ची मराठीने ‘ट्रॉल्या’ केली, ‘तिकिटा’ची ‘तिकिटे’ केली. ‘मार्क्स’, ‘नोट्स’, ‘शूज’, ‘क्लासेस’ हे शब्द मात्र इंग्रजी प्रत्ययासह जसेच्या तसे आले. त्यांत इंग्रजी अनेकवचनाचे तिन्ही उच्चार आहेत : ‘मार्क्स’मध्ये स, ‘शूज’मध्ये झ-सदृश ज, ‘क्लासेस’मध्ये जादा स्वर. ‘शूज’ लिहिताना मराठी कानाने स नाकारला, ही गोष्ट लक्षणीय आहे. भूतकाळी प्रत्ययाची साक्ष ‘रिटायर्ड’ आणि ‘लिमिटेड’ देतात. ‘अटॅच्ड’ मात्र फसवे आहे; आपण लेखनानुसार ड म्हणतो, इंग्रजीत तेथे ट उच्चारला जातो.

या भेदांमागील तत्त्व विद्यार्थी मराठीच्या तासाला शिकतोच. प्रथम व्यंजन संधीत कठोर व्यंजनापूर्वीचे मृदू व्यंजन कठोर होते : विपद् + काल = विपत्काल. इंग्रजीतही असेच ध्वनिसाम्य घडते, फक्त दिशा उलटी. येथे पुढचा ध्वनी मागच्याला अनुसरतो. कठोर व्यंजनानंतर स आणि ट, मृदू व्यंजन वा स्वरानंतर झ आणि ड. स, श, च, ज यांच्या जातीच्या ध्वनीनंतर अनेकवचनात, तर ट आणि ड यांच्यानंतर भूतकाळात, मध्ये एक स्वर येतो. क्रियापदाच्या तृतीयपुरुषी एकवचनी ‘एस’लाही हाच नियम लागू पडतो. एकाच शाळेत दोन तासांना शिकवली जाणारी ही दोन प्रकरणे एकमेकांना ओळखत नाहीत, हे आश्चर्यच म्हणावे लागेल.

रूपांच्या संख्येबाबतही विनाकारण धास्ती बाळगली जाते. खेळलो, खेळलास, खेळला, खेळली, खेळल्या हे सारे सांभाळणाऱ्याला इंग्रजीत एकच ‘प्लेड’ पुरते. खरी अडचण अन्यत्र आहे. ‘एक बैल, दोन बैल’ म्हणणाऱ्याला संख्यावाचकानंतरचा ‘एस’ अनावश्यक वाटल्यास नवल नाही. मराठीत तेथे अनेकवचन ‘बैलाला–बैलांना’ या सामान्यरूपात प्रकट होते. तसेच मराठीत ‘तू खेळतोस’ असा स द्वितीय पुरुषाला चिकटतो, इंग्रजीत तृतीय पुरुषाला. चुका तपासताना केवळ लाल रेघ ओढण्याऐवजी या दोन जागा दाखवणे अधिक उपयुक्त ठरेल.

ध्वनीचा नियम सर्व प्रश्न सोडवतो असे मात्र नाही. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार बटाट्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या ‘पोटॅटो’चे अनेकवचन ‘ईएस’ने लिहितात, ‘फोटो’चे नुसत्या ‘एस’ने, कानाला दोन्हीकडे प्रत्यय एकच ऐकू येतो. येथे पाठांतराला पर्याय नाही.