छत्री कुणाची चांगली?

घरावर छत्री बसवायची ठरली की पहिला प्रश्न येतो, 'कुणाची घ्यायची?' शेजारी एक नाव सांगतो, दुकानदार दुसरे. जाहिरातीत तर प्रत्येकाचीच सेवा सर्वोत्तम असते. शिक्षकाला हा प्रश्न दोनदा पडतो. एकदा स्वतःच्या घरासाठी आणि एकदा शाळेसाठी, कारण विज्ञानाच्या सरांना किंवा बाईंना यातले कळत असणार, असे सगळे गृहीत धरतात. म्हणून या सेवांची तुलना कशाच्या आधारे करायची आणि कंपन्यांच्या कोणत्या दाव्यांत किती अर्थ आहे, हे नीट तपासून पाहणे उपयोगाचे ठरेल.

आपल्या देशात घरोघरी थेट उपग्रहावरून कार्यक्रम पोचवण्याची सेवा २००३ मध्ये 'डिश टीव्ही'ने सुरू केली. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची विनाशुल्क सेवा आली. तिलाच आज आपण 'डीडी फ्री डिश' म्हणतो. २००६ मध्ये 'टाटा स्काय' आली, जिचे नाव जानेवारी २०२२ पासून 'टाटा प्ले' झाले. पुढे 'सन डायरेक्ट', 'एअरटेल' आणि 'व्हिडिओकॉन डी२एच' या सेवा आल्या. यांपैकी शेवटची २०१८ मध्ये डिश टीव्हीत विलीन झाली. नावे अनेक असली तरी सर्वांचे शास्त्र एकच आहे. फरक आहे तो ते शास्त्र कसे वापरले यात.

दावा पहिला : 'डिजिटल आहे, म्हणून चित्र उत्तम'

जुन्या अँटेनाच्या काळात संदेश क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या येत. संदेश जितका क्षीण, तितक्या मुंग्या जास्त. डिजिटल पद्धतीत असे होत नाही. पेटीला, म्हणजे सेट-टॉप बॉक्सला, एक आणि शून्य हे अंक ओळखता आले की चित्र पूर्ण मिळते. ओळखण्यात चुका वाढू लागल्या तर काही मर्यादेपर्यंत पेटी त्या दुरुस्त करते. मर्यादा ओलांडली की मात्र चित्राचे चौकोन होतात, ते अडकते आणि लगेच नाहीसे होते.

यातून एक गोष्ट निघते. छत्री थोडी मोठी घेतली किंवा अधिक नेमकी जुळवली म्हणजे चित्र अधिक सुरेख होईल, हा समज चुकीचा आहे. पडद्यावर 'सिग्नल क्वालिटी'चा आकडा साठ असो वा नव्वद, चित्र तेच असते. वाढीव आकडा ही पावसाळ्यासाठी ठेवलेली शिल्लक आहे. चित्राचा दर्जा ठरतो तो छत्रीपर्यंत संदेश येण्याच्या कितीतरी आधी, कंपनीच्या प्रक्षेपण केंद्रात.

तेथे काय घडते, हे एका हिशेबाने समजेल. साध्या दर्जाच्या चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ बिंदू असतात. अशी २५ चित्रे दर सेकंदाला पाठवायची. रंगासह एका बिंदूला सरासरी १२ अंक लागतात असे धरले, तर सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी अंक, म्हणजे १२४ मेगाबिट होतात. याउलट उपग्रहावरचा एक ट्रान्सपॉन्डर जुन्या डीव्हीबी-एस पद्धतीच्या नेहमीच्या जुळणीत सगळे मिळून सुमारे ३८ मेगाबिट वाहून नेतो. म्हणजे मूळ स्वरूपात एकही वाहिनी त्यात मावणार नाही! म्हणून चित्र दाबावे लागते. दोन लागोपाठच्या चित्रांत जे बदललेले नाही ते पुन्हा पाठवायचे नाही, आणि डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे, ही त्यामागची युक्ती.

आता ३८ मेगाबिटांत दहा वाहिन्या बसवल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ३.८ मेगाबिट येतात. वीस बसवल्या तर १.९. निवेदक स्थिर बसून बातम्या देत असेल तर दुसऱ्या स्थितीतही चित्र चालून जाते. कबड्डीची चढाई, क्रिकेटच्या मैदानावरचे गवत, प्रेक्षकांची गर्दी किंवा पावसाचे दृश्य आले की प्रत्येक चित्र आधीच्यापेक्षा वेगळे असते. तेथे अंक अपुरे पडतात आणि गवताचा हिरवा चिखल होतो. कंपन्या काही वाहिन्यांचा गठ्ठा करून ज्या क्षणी जिला गरज तिला जास्त अंक देतात. हा चांगला उपाय आहे. पण सगळ्याच वाहिन्यांवर एकाच वेळी धावपळ चालू असेल तर तोही थकतो.

'आमच्याकडे अमुक इतक्या वाहिन्या' आणि 'आमचे चित्र सर्वांत स्पष्ट' हे दोन दावे एकाच पत्रकात छापले जातात. ट्रान्सपॉन्डरांची संख्या ठरलेली असताना हे दोन्ही दावे एकमेकांच्या विरोधात ओढतात. कोणत्या वाहिनीला सेकंदाला किती अंक दिले, ही चित्राच्या दर्जाविषयीची सर्वांत महत्त्वाची माहिती. ग्राहकासाठीच्या पत्रकांत तीच नसते. तेलाच्या डब्यावर वजन छापावे लागते. येथे मात्र ग्राहकाने डब्याचा आकार पाहून समाधान मानायचे. या लेखकाचा मुख्य आक्षेप हाच आहे.

दावा दुसरा : 'नवे तंत्र, म्हणून दर्जा वरचा'

सुरुवातीच्या सेवा एमपेग-२ पद्धतीने चित्र दाबत. सन डायरेक्ट आणि एअरटेल उशिरा आल्या, त्यामुळे त्यांनी आरंभापासून एमपेग-४ घेतली. या पद्धतीत तेवढ्याच दर्जाच्या चित्राला ढोबळमानाने निम्मे अंक पुरतात. पण वाचलेल्या अंकांचे काय करायचे? ते त्याच वाहिनीला देऊन चित्र सुधारता येते, किंवा त्या जागेत आणखी एक वाहिनी बसवता येते. पद्धतीचे नाव ऐकून दर्जा कळत नाही, तो या निवडीवरून ठरतो. पगार वाढला म्हणजे बचत वाढलीच असे नाही, तसेच हे.

पाठवण्याच्या पद्धतीतही असाच व्यवहार आहे. जुन्या पद्धतीत लहरीच्या चार स्थितींतून अंक सांगितले जात. नव्या डीव्हीबी-एस२ पद्धतीत आठ स्थिती वापरता येतात, आणि तोच ट्रान्सपॉन्डर पन्नासहून अधिक मेगाबिट नेऊ शकतो. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर या चार दिशा धुक्यातही ओळखता येतात. आग्नेय, नैर्ऋत्य अशा उपदिशाही ओळखायच्या तर दृष्टी अधिक स्वच्छ हवी. त्याचप्रमाणे आठ स्थिती ओळखायला संदेश अधिक सबळ लागतो. म्हणून एकाच छत्रीवर काही वाहिन्या पावसात आधी जातात आणि काही टिकून राहतात.

एचडीबद्दल एवढेच लक्षात ठेवावे की पेटी एचडी असली म्हणून वाहिनी एचडी होत नाही. साध्या दर्जाचे चित्र मोठ्या पडद्यावर ताणले की त्यातले दोष मोठे दिसतात.

दावा तिसरा : 'पावसातही अखंड'

या सेवांच्या लहरी सुमारे १२ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात. त्यामुळेच साठ सेंटिमीटरची छत्री पुरते. १९७५-७६ मध्ये सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत उपग्रहाद्वारे शिक्षणाचा 'साइट' प्रयोग झाला, तेव्हा लहरींची लांबी ३५ सेंटिमीटर होती आणि जाळीची छत्री तीन मीटरची होती. लहान लहरींची किंमत अशी की पावसाचे थेंब त्यांना शोषतात आणि विखुरतात. केबलवाल्याच्या मोठ्या छत्र्या साडेसात सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी घेतात, म्हणून त्यांना पाऊस फारसा जाणवत नाही.

सर्व कंपन्यांना पाऊस सारखाच छळतो का? नाही. उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर, पण वेगवेगळ्या रेखांशांवर असतात. टाटा प्लेची सेवा ८३ अंश पूर्वेवरून, फ्री डिश ९३.५ वरून, डिश टीव्ही ९५ वरून येते. एअरटेलच्या वाहिन्यांसाठी १०८.२ अंशांवरचा एसईएस-७ वापरला गेला आहे. मुंबईतून पाहिले तर पहिला उपग्रह क्षितिजापासून सुमारे ६५ अंशांवर, दुसरा ५८, तिसरा ५६ आणि शेवटचा अवघ्या ४४ अंशांवर दिसेल. पावसाचा थर पाच किलोमीटर उंच धरला, तर लहरीला त्यातून अनुक्रमे साडेपाच, पावणेसहाच्या किंचित वर, सहा आणि सात किलोमीटरहून थोडा अधिक तिरपा प्रवास करावा लागतो. पहिल्या आणि शेवटच्या वाटेत सुमारे तीस टक्के फरक पडतो. नववीच्या त्रिकोणमितीत बसणारा हा हिशेब आहे.

मात्र एवढ्यावरून निकाल देऊ नये. उपग्रहाची शक्ती, त्याचा झोत आपल्या भागावर किती एकवटला आहे आणि छत्रीचा व्यास यांनीही पारडे फिरते. कोकणासारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात मात्र खर्च करून थोडी मोठी छत्री बसवणे शहाणपणाचे. 'कधीच जात नाही' असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

पत्रकात कधीच न छापलेला आणखी एक गुण म्हणजे राखीव व्यवस्था. जुलै २०१० मध्ये इन्सॅट-४बी उपग्रहाच्या वीजपुरवठ्यात बिघाड झाला आणि त्याचे निम्मे ट्रान्सपॉन्डर बंद ठेवावे लागले. सन डायरेक्टला तेव्हा मेझॅट-३ या दुसऱ्या उपग्रहाकडे वळावे लागले. दुरुस्तीला माणूस पाठवता येत नाही अशा जागी यंत्र ठेवले की असे प्रसंग येणारच. सेवा किती उपग्रहांवर उभी आहे, हे म्हणून विचारावे.

सोयींचे खरे मोल

सोयींच्या यादीत 'इंटरॅक्टिव्ह' हा शब्द हमखास असतो. त्यात दुहेरी संवाद आहे असे वाटते, पण छत्री फक्त घेते, पाठवत नाही. कंपनी पाककृती, प्रश्नमंजूषा, खेळ यांची पाने सतत फेऱ्या मारत पाठवत असते. आपण बटण दाबले की पेटी आपले पान येण्याची वाट पाहते आणि ते उचलते. रहाटाच्या माळेतून आपली घागर वर येईपर्यंत थांबण्यासारखे हे आहे. सोय वाईट नाही, नाव मात्र फुगवलेले आहे.

कार्यक्रम नोंदवून ठेवण्याची सोय त्या मानाने खरी. पेटी आलेले अंकच जसेच्या तसे साठवते, त्यामुळे नोंदीचे चित्र मुळाहून उणे होत नाही. पण नोंद कुलूपबंद असते, दुसऱ्या पेटीवर सहसा चालत नाही. पेटीचेही तेच. एका कंपनीची पेटी दुसरीकडे चालावी हा विचार सेवा सुरू होतानाच्या नियमांत होता. व्यवहारात मात्र कंपनी बदलली की पेटीही बदलावी लागते. त्यामुळे ग्राहक नाराज असूनही अडकून राहतो. तुलना करताना या अडकण्याची किंमत धरायलाच हवी.

शाळेसाठी कोणती?

शाळेची गरज घरापेक्षा वेगळी आहे. २०१७ पासून 'स्वयंप्रभा'च्या आणि २०२० पासून 'पीएम ई-विद्या'च्या शैक्षणिक वाहिन्या उपग्रहावरून येतात. फळ्यावरचे लिखाण जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे त्याला अंक कमी लागतात. तेथे अडचण येते ती बिंदूंची. ५७६ ओळींच्या चित्रात फळाभर लिहिलेली बारीक समीकरणे शेवटच्या बाकावरून वाचता येत नाहीत, मग सेवा कोणतीही असो. दोष पेटीचा नसून पाठ तयार करणाऱ्याचा आहे. दर महिना रिचार्ज नसलेली फ्री डिश शाळेला सर्वांत योग्य वाटते. मात्र केवळ एमपेग-२ ओळखणारी जुनी पेटी असेल तर एमपेग-४ पद्धतीच्या वाहिन्या दिसणार नाहीत, हे घेतानाच पाहावे.

घरासाठी एकच नाव सांगता येणार नाही. बातम्या आणि मालिका पाहणाऱ्याला दर्जातला फरक क्वचितच जाणवेल. त्याने मासिक खर्च पाहावा. खेळ आवडीने पाहणाऱ्याने आपली वाहिनी एचडीत आहे ना आणि धावपळीत चित्र टिकते ना, हे दुसऱ्याच्या घरी पाहून मगच पैसे द्यावेत.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. जवळच्या दोन घरांत दोन वेगळ्या सेवा असतील तर एकाच सामन्याचे तेच षटक दोन्हीकडे, शक्यतो एकाच दूरचित्रवाणी संचावर, प्रकाश आणि रंगाची जुळणी न बदलता पाहावे. कंपनीचे चिन्ह कागदाने झाकावे. विद्यार्थ्यांनी गवत, गर्दी, खाली सरकणाऱ्या अक्षरांच्या कडा आणि अंधारी दृश्ये यांना वेगवेगळे गुण द्यावेत. पावसाळ्यात पर्जन्यमापकाच्या नोंदीशेजारी 'सिग्नल क्वालिटी'चा आकडा लिहीत जावा. महिनाभरात जो तक्ता तयार होईल, तो कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक विश्वासाचा असेल. जाहिरातीतल्या विशेषणाला 'किती?' असे विचारायची सवय मुलांना लागली, तर छत्री कुणाचीही असो, वर्गाचा फायदाच आहे.