मोजपट्टीत आजी कुठे?

किशोरांचं आईवडील आणि मित्रांशी असलेलं नातं मोजायला आर्म्सडेन आणि ग्रीनबर्ग यांची १९८७ची प्रश्नावली आजही वापरतात. विश्वास, संवाद आणि परकेपणा वेगवेगळे पाहते, ही तिची ताकद. सुधारित आवृत्तीत आई, वडील, मित्र यांच्यासाठी प्रत्येकी २५ विधानं आहेत.

आता ती कुणकेश्वरच्या अशा घरात न्या, जिथे वडील मुंबईत चाकरमानी, गणपती-शिमग्यालाच गावी येतात आणि मूल वाढतं आजीपाशी. वडिलांशी 'संवाद' कमी भरला, तर तो परकेपणा की नुसतं अंतर? आजीला तर रकानाच नाही!

शिवाय एकाच वेळी भरून घेतलेली उत्तरं सहसंबंध दाखवतात, कारण नाही. खिन्न मुलाला चांगली नातीही फिकी वाटू शकतात. म्हणून भाषांतराला बसण्याआधी मुलांना एवढंच विचारा: तुझं मन कुणापाशी मोकळं होतं? रकाने त्यानंतर आखा.