बर्फाने नाकारलेले मीठ

समुद्राचे पाणी साधारण उणे १.८ अंशाला गोठू लागते आणि गोठताना मिठाला मात्र आपल्या स्फटिकांत शिरू देत नाही. या नकारातली गंमत आपण जरा सावकाश चाखू. बाहेर लोटलेले पुष्कळसे मीठ समुद्रात परतते. उरलेले स्फटिकांमधल्या सांदीकोपऱ्यांत अडकते आणि तिथे त्याचे इतके गाढ खारे पाणी होते, की भोवतालचा बर्फ दगडासारखा झाला तरी ते वाहतेच राहते. कळमन्याच्या बाजारातल्या संत्र्याची फोड उन्हात धरली की पातळ पडद्याआड रसाच्या इवल्या पिशव्या चमकतात; ध्रुवीय सागरी बर्फाचे अंतरंग समजायला आपल्या नागपूरकर डोळ्यांना एवढा दाखला पुरे.

या बर्फाचा उभा गाभा छेदून काढला, तर वरून शुभ्र दिसणारा तो दंडगोल तळाशी, अवघ्या काही सेंटिमीटरांत, सोनेरी तपकिरी झालेला असतो. हा रंग सिलिकेच्या पारदर्शक करंड्यांत राहणाऱ्या डायटम शैवालांचा. त्यांनी तळच का निवडावा? बर्फाची क्षारता हजारी ५ आणि तापमान उणे ५ अंश असेल, तर खाऱ्या पाण्याचा वाटा शेकडा ५ च्या आसपास जातो आणि सुटे सुटे कप्पे एकमेकांना जुळून वाटा मोकळ्या होतात. मग जड खारे पाणी खाली उतरते आणि त्याच्या जागी येणारे समुद्राचे पाणी नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट घेऊन येते. तीन पाचांचा हा मेळ म्हणजे निसर्गाने मांडलेले किती नेटके गणित!

आणि या चिमुकल्या बिऱ्हाडातली काटकसर तर पाहा. मेलेल्या पेशी जिवाणू कुजवतात, त्यांतला नायट्रोजन अमोनियमच्या रूपाने मोकळा होतो आणि जिवंत शैवाले तो पुन्हा उचलतात. अंटार्क्टिकाभोवतीच्या लोहाला पारख्या समुद्रात हाच बर्फ लोह साठवतो आणि वसंतात वितळताना पाण्याला परत देतो. गोव्याहून ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली निघालेली पहिली भारतीय मोहीम ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली, ती याच दानशूर समुद्रातून वाट काढत.

उत्तरेत मेलोसिरा आर्क्टिका हे शैवाल बर्फाखाली लांब झुपक्यांनी लोंबते. २०१२ साली ‘पोलारस्टर्न’ जहाजावरच्या शास्त्रज्ञांना त्याचे पुंजके ४,००० मीटरांहून खोल सागरतळावर पडलेले आढळले, आणि समुद्रकाकड्या ते खात होत्या. दक्षिणेत क्रिलची पिल्ले हिवाळाभर बर्फाचे बूड खरवडून तग धरतात, आणि मोठ्या झालेल्या क्रिलवर निळा देवमासा पोसतो. पृथ्वीवरल्या सर्वांत प्रचंड देहाचे अन्न केसाएवढ्या खाऱ्या वाटेत, नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत शिजू लागते. लहानात विराट सामावण्याची ही किमया आपण पुनःपुन्हा आस्वादावी अशीच आहे.