दोन बहिणी, दोन कहाण्या

एखाद्या सामाजिक दुःखाकडे लोकांचे लक्ष वेधायचे झाले, की ते दुःख भोगलेल्या माणसालाच सभेपुढे उभे करावे, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. दहा व्याख्यानांनी जे साधत नाही ते अशा एका कहाणीने साधते. पण सांगणाऱ्याच्या पदरात काय पडते? हा प्रश्न मनात आला, की मी दोन आत्मचरित्रे पुन्हा काढून बसतो: पार्वतीबाई आठवले यांची ‘माझी कहाणी’ (१९२८) आणि आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ (१९४४).

दोघी सख्ख्या बहिणी, कोकणातल्या. दोघींच्याही कपाळी अकाली वैधव्य आले. आनंदीबाईंनी १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. पार्वतीबाई विधवाच राहिल्या. अण्णांनी १८९६ साली पुण्यात अनाथ बालिकाश्रम काढला, आणि पुढे त्याच्या वर्गणीसाठी पार्वतीबाई गावोगाव हिंडल्या. केशवपन केलेली ही बाई बोलायला उभी राहिली, की सनातनी घरांचीही दारे उघडत. तिच्याकडे पाहून कुणाला आपला धर्म बुडेल अशी धास्ती वाटत नसे.

आनंदीबाईंची गोष्ट निराळी. त्यांच्या लग्नापायी मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला होता. लोक बिथरू नयेत म्हणून आश्रमाने पुनर्विवाहाच्या चळवळीपासून अंतर राखले. आश्रम हिंगण्याला, अण्णांचा संसार पुण्यात, आणि मधली वाट अण्णांनी पायी तुडवायची!

येथे मला चळवळीचे मर्म दिसते, आणि तिची मर्यादाही. समाजाला सोसेल तेवढेच दुःख ती पुढे आणते. दुःखात बुडालेली स्त्री पाहून श्रोते हळहळतात. त्यातून बाहेर पडून संसार थाटणारी स्त्री मात्र त्यांना खुपते. अण्णांना मी दोष देत नाही. आश्रम जगवायचा होता, आणि तो जगला. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही सांगायला हवे.

ते या पुस्तकांनी सांगितले, हेच त्यांचे मोल. सभेतल्या कहाणीला वर्गणीपुरताच शेवट असतो. पुस्तकातली बाई त्यापुढेही जगते. पार्वतीबाई पुढे केशवपन सोडतात, उतारवयाकडे झुकताना इंग्रजीशी झुंजतात, अमेरिकेत लोकांच्या घरी काम करून राहतात. आनंदीबाई तर नवऱ्याच्या त्यागाचा हिशेब घरच्या डब्यांवरून मांडतात. संस्थेच्या अहवालात असला हिशेब कुठून येणार?

व्रताची कहाणी ऐकताना हातात अक्षता धरायच्या असतात; ऐकणाऱ्यालाही काही करायचे असते. आज तंबाखूविरुद्धच्या चित्रफितींत आणि क्षयरोगाच्या भित्तिपत्रकांवर रुग्णांचे चेहरे दिसतात. त्यांनी लोक सावध होतात, हे चांगलेच आहे. पण त्या चेहऱ्याला जखमेखेरीज आणखी काही बोलायचे आहे का, हे आपण विचारतो का? ज्या मोहिमेला हे विचारण्याची सवड नाही, ती माणसाच्या दुःखाचे काम करते; माणसाचे नव्हे.