साचा तोच, रंग नवा



खेळण्यांमधल्या ‘विविधते’वर लिहिलेला कुठलाही लेख उघडा. वर्तमानपत्रातला असो की एखाद्या कंपनीचा जाहिरातवजा निबंध, दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात ‘डॉल टेस्ट’ येतेच. केनेथ आणि मेमी क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ जोडपं, एक गोरी बाहुली, एक तपकिरी बाहुली, आणि गोरी बाहुली मागणारी कृष्णवर्णीय मुलं. त्यापुढचं वाक्यही ठरलेलं असतं: म्हणून मुलांना आपल्यासारख्या दिसणाऱ्या बाहुल्या मिळायला हव्यात. मला या ‘म्हणून’चा त्रास होतो. माझ्या पीएच.डी.तलं एक अख्खं प्रकरण याच शब्दाशी भांडण्यात चाललंय, तर आज तुम्हालाही त्या भांडणात ओढते.

आधी प्रयोग नीट बघू, कारण तो ऐकीव स्वरूपातच जास्त फिरतो. क्लार्क पती-पत्नींचा प्रसिद्ध पेपर १९४७ सालचा. त्यात ३ ते ७ वयाची २५३ कृष्णवर्णीय मुलं होती. १३४ दक्षिणेकडच्या आर्कान्सा राज्यातली, जिथे शाळाच वंशानुसार वेगळ्या होत्या. आणि ११९ उत्तरेकडच्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डची, जिथे गोरी आणि काळी मुलं एकत्र शिकत. प्रत्येक मुलासमोर चार बाहुल्या ठेवल्या. दोन तपकिरी, काळ्या केसांच्या. दोन गोऱ्या, पिवळ्या केसांच्या. बाकी सगळं सारखं. मग एकेक मागणी: तुला खेळायला आवडेल ती दे. छान आहे ती दे. वाईट दिसते ती दे. आणि अगदी शेवटी, तुझ्यासारखी दिसते ती दे. ६७ टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली निवडली, आणि ५९ टक्क्यांनी ‘वाईट दिसणारी’ म्हणून तपकिरी बाहुली उचलून दिली. १९५४ च्या ब्राउन खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवला, तेव्हा निकालाच्या अकराव्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा दाखला होता. इतकं सगळ्यांना माहीत असतं.

आता जरा टेबलाकडे बघा. तपकिरी बाहुली तिथे होती! मुलाच्या हाताच्या अंतरावर, एक सोडून दोन. तिच्यात आणि गोरीत रंगापलीकडे काही फरकच नव्हता. मुलांचं दुखणं ‘आपल्या रंगाची बाहुली मिळत नाही’ एवढंच असतं, तर निदान त्या खोलीत तरी ते बरं व्हायला हवं होतं. झालं उलटंच. म्हणजे ज्या प्रयोगाने ‘नुसता रंग बदलून भागत नाही’ हे दाखवलं, तोच प्रयोग गेली कित्येक दशकं रंग बदललेल्या बाहुल्या विकायला वापरला जातोय.

क्लार्क दांपत्याचा यात काही दोष नाही. प्रयोगात एकच गोष्ट बदलायची आणि बाकीच्या स्थिर ठेवायच्या, हे संशोधनाचं साधं पथ्य. गंमत अशी की खेळणी उद्योगाने हेच पथ्य डिझाइनची पद्धत म्हणून उचललं. एकच साचा, प्लॅस्टिकमध्ये दुसरा रंग. प्रयोगशाळेत जे शहाणपण, ते कारखान्यात कंजूषपणा.

त्याच पेपरमधले आणखी दोन आकडे क्वचितच उद्धृत होतात. पहिला: तपकिरी बाहुलीला ‘वाईट दिसते’ म्हणणारी मुलं वेगळ्या शाळांच्या दक्षिणेत ४९ टक्के, तर एकत्र शाळांच्या उत्तरेत ७१ टक्के. हा आकडा बघून ‘बघा, वेगळ्या शाळाच बऱ्या’ असा अर्थ काढता येतो, आणि काढणारे होतेही. केनेथ क्लार्क यांचं म्हणणं वेगळं होतं: दक्षिणेतल्या मुलांनी कमीपणा मुकाट्याने गिळला होता, उत्तरेतल्या मुलांना तो अजून टोचत होता. ‘तुझ्यासारखी कोणती’ या प्रश्नावर काही मुलं रडायला लागली, याची नोंद त्यांनी केलीय. मला या आकड्यातून एवढंच घ्यायचंय की वेगवेगळ्या रंगांना एका रांगेत बसवलं की सलोखा होतो, या समजुतीला त्यात काडीचा आधार नाही. मग ती रांग वर्गातली असो की दुकानातल्या फळीवरची.

दुसरा आकडा डिझाइनरांनी तर भिंतीवर लावावा असा आहे. संशोधकांनी मुलांचे उजळ, मध्यम आणि गडद असे तीन गट केले होते. गडद वर्णाच्या ८१ टक्के मुलांनी तपकिरी बाहुली ‘माझ्यासारखी’ म्हणून दिली. उजळ वर्णाच्या मुलांपैकी फक्त २० टक्क्यांनी. याला ‘स्वतःचा नकार’ म्हणणं सोपं आहे. पण जगात दोनच रंग ठेवल्यावर त्या उजळ गव्हाळ पोराने करायचं काय? फाउंडेशनची शेड शोधत काउंटरवर उभं राहिलेल्या कुणालाही हा प्रश्न कळेल.

आता तुम्ही म्हणाल, मग रंगाखेरीज बाहुलीत असतं तरी काय? इथे मला रॉबिन बर्नस्टीन यांची मदत घ्यावी लागते. ‘रेशियल इनोसन्स’ या २०११ च्या पुस्तकात त्या म्हणतात की वस्तू आपल्याकडून वागणूक करवून घेतात. नाटकाच्या संहितेसारखं आहे हे: नट आपल्या मनाने थोडं इकडे-तिकडे करेल, पण संहिता त्याला एका दिशेने ढकलतच असते. भातुकलीतला तवा हातात आला की पोळी भाजल्याचा अभिनय आपसूक सुरू होतो ना, तसं.

या नजरेने अमेरिकेतली एक जुनी कापडी बाहुली बघा. तिला ‘टॉप्सी-टर्व्ही’ म्हणतात. गुलामगिरीच्या काळातल्या दक्षिणेशी तिचं नातं सांगतात. एकाच धडाला वर एक डोकं, खाली एक, पाय नाहीतच. वर गोरी मुलगी. घागरा उलटा केला की गोरी झाकली जाते आणि काळी मुलगी बाहेर येते. वरवर पाहता याहून जवळचं नातं कुठलं? एकच शरीर! पण दोघी एकमेकींना कधीच बघू शकत नाहीत. एकीला वर यायचं तर दुसरीने घागऱ्याखाली जायचं. कुणी एक अक्षर न लिहिता, नुसत्या शिवणीतून त्या समाजाचा नियम मुलाच्या हाताला शिकवला जातो. ‘विविधता आणि सलोखा’ दाखवणाऱ्या आजच्या बाहुल्यांना मी हाच प्रश्न विचारते: ही मुलाच्या हाताला काय करायला लावते?

तीन बाहुल्यांना विचारून बघू.

पहिली सारा ली, १९५१ ची, आयडियल कंपनीची. फ्लोरिडातल्या बेल ग्लेडच्या सारा ली क्रीच या गोऱ्या बाईंची कल्पना, शीला बर्लिंगेम यांचं शिल्पकाम. त्या काळी काळ्या बाहुल्या म्हणजे बहुतेक मोलकरणी, नाही तर विदूषकी चेहरे. त्यासमोर ही खऱ्या कृष्णवर्णीय मुलांच्या फोटोंवरून घडवलेली, हसरी, घरंदाज चेहऱ्याची. लेखिका झोरा नील हर्स्टन यांनी तिचं कौतुक केलं. त्वचेचा रंग कोणता असावा यावर मत द्यायला एलिनॉर रूझवेल्ट यांनी चहापानाला त्या काळातली बडी कृष्णवर्णीय मंडळी बोलावली होती. साच्यापासून नवी सुरुवात केली, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. तरीही ही बाहुली मला मोठ्यांची वाटते. तिच्यावर इतक्या जणांचं इतकं गंभीर एकमत झालंय की तिला घेऊन चिखलात बसायची हिंमतच होऊ नये. १९५३ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

दुसरी, मॅटेलची ‘कलर्ड फ्रान्सी’, १९६७. बार्बीच्या मामे-चुलत बहिणीचा, गोऱ्या फ्रान्सीचा, साचा जसाच्या तसा. नाक तेच, ओठ तेच, नावसुद्धा तेच, फक्त पुढे ‘कलर्ड’. क्लार्क यांच्या टेबलावरची बाहुलीच जणू खोक्यात घालून विकायला ठेवली. हिच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

तिसरी आली पुढच्याच वर्षी, आणि माझी आवडती. १९६५ च्या वॉट्समधल्या उद्रेकानंतर लॉस एंजेलिसच्या त्या भागात लू स्मिथ आणि रॉबर्ट हॉल यांनी ‘ऑपरेशन बूटस्ट्रॅप’ ही संस्था काढली होती. तिथून शिंदाना टॉईज निघाली. (आडनाव वाटतं ना आपल्याकडचं? स्वाहिलीत ‘शिंदाना’ म्हणजे स्पर्धा करणं.) भांडवल आणि तांत्रिक मदत मॅटेलची, कारखाना मात्र वस्तीतल्या लोकांचा. त्यांची पहिली बाहुली बेबी नॅन्सी, १९६८. चेहरा नव्याने घडवलेला, आणि लवकरच दाट कुरळ्या, आखूड केसांची आवृत्तीही आली. सारा ली सुंदर होती, पण नॅन्सी कुणाची तरी होती. जे हात तिला जोडत होते त्यांच्या घरात तसेच केस विंचरले जात होते. कंपनी १९८३ मध्ये बंद पडली. २०२० मध्ये बेबी नॅन्सीला अमेरिकेच्या नॅशनल टॉय हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली. बावन्न वर्षांनी का होईना.

मॅटेलची पुढची वाट तुम्हाला थोडीफार माहीत असेल. १९८० मध्ये किटी ब्लॅक पर्किन्स यांनी डिझाइन केलेली पहिली काळी ‘बार्बी’, आणि १९९१ मध्ये शनी व तिच्या दोन मैत्रिणी, तिघींच्या त्वचेच्या तीन वेगळ्या छटा. ॲन ड्यूसिल यांचा १९९४ चा निबंध शनीवर तुटून पडतो, आणि मजेदारपणे पडतो. शनीचे नितंब खऱ्या कृष्णवर्णीय बाईसारखे, असा बोलबाला होता. मोजमाप केल्यावर दिसलं की तिची पाठ फक्त जास्त कलती केलीय. बाकी बार्बीचेच कपडे तिलाही बसायला हवेत ना! ड्यूसिल यांचा आक्षेप असा की फरक दाखवायचा, पण धंद्याला परवडेल इतकाच. आणि १९९७ मध्ये तर कहर झाला. ओरिओ बिस्किटांच्या जाहिरातीसाठी बार्बी काढली, आणि तिची काळी आवृत्तीही. ‘ओरिओ’ ही बाहेरून काळा, आतून गोरा अशा माणसाला हिणवायची शिवी आहे, हे त्या खोलीत कुणालाच सुचलं नाही. बाहुली परत मागवावी लागली. साचा तयार असला की विचार करायची गरजच उरत नाही, त्याचं हे फळ.

आपणही यातून सुटलेलो नाही. नव्वदच्या दशकात लहान असलेल्यांना भारतात मिळणारी साडीतली बार्बी आठवत असेल. साडी आपली, केस सोनेरी. इथे तर रंगही बदलायचा त्रास घेतला नव्हता, नुसतं कापड. आणि खरं सांगायचं तर आपल्याला ते खटकलंही नाही, ‘किती गोरीपान!’ म्हणत आपण ती शोकेसमध्ये ठेवली. माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या चार वर्षांच्या लेकीसाठी ‘आपल्यासारखी’ बाहुली कुठली घेऊ, असं तिने मला विचारलं. ‘आपल्यासारखी म्हणजे तुझ्यासारखी की आत्यासारखी?’ असं मी विचारल्यावर ती हसली, कारण घरातच तीन शेड आहेत आणि त्यातली कुठली ‘चांगली’ हे पोरीला आजीकडून आधीच कळलंय.

मॅटेलने २०१६ मध्ये ४ शरीरयष्ट्या, ७ त्वचावर्ण, २२ डोळ्यांचे रंग आणि २४ केशरचना आणल्या, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. उजळ वर्णाच्या त्या २० टक्क्यांच्या आकड्याला हे उशिरा का होईना उत्तर आहे, आणि शरीरांचे साचे बदलणं ही खर्चाची गोष्ट असते. पण तरी हे उत्तर कॅटलॉगचं आहे. सात वर्ण लिपस्टिकसारखे ओळीत मांडले की कुठलाही घ्या, सारखंच, असा आव येतो. मूल मात्र सारखंच मानत नाही.

टोनी स्टर्डिव्हंट आणि इलियाना अलानीस यांचा २०२१ चा पेपर त्यामुळे वाचायलाच हवा. त्यांनी मुलांना प्रश्न विचारलेच नाहीत. बालवाडीत वेगवेगळ्या वर्णांच्या बाहुल्या ठेवल्या आणि मुली खेळताना नुसतं पाहिलं. कृष्णवर्णीय मुली काळ्या बाहुल्या क्वचितच घेत, आणि घेतल्या तरी नीट वागवत नसत. एकीने तर बाहुली भांड्यात घालून शिजवल्याचा खेळ केला. मुली हेअरड्रेसर बनल्या तेव्हा काळ्या बाहुलीचे केस विंचरायची पाळी आली नाही. हिचे केस फार मोठे आहेत, जमणार नाही, असा सूर होता.

मी त्या केसांपाशी अडकलेय. बाहुलीला कुरळे केस दिले, छान. पण खेळण्यातल्या पार्लरच्या डब्यात बहुतेक वेळा काय असतं? बारीक दातांचा कंगवा, ब्रश, हेअर ड्रायर. म्हणजे सरळ केसांची हत्यारं. ती कुरळ्या केसांत अडकणार, मूल कंटाळणार, आणि दोष बाहुलीवर येणार. रुंद दातांचा कंगवा, पाण्याची फवारणी, चार रबर आणि तशा वेण्या घालून दाखवणारी एखादी बाई वर्गात असेल, तर त्याच बाहुलीचा खेळ अर्धा तास चालू शकतो. बाहुलीच्या खोक्यात कंगवा कुठला द्यायचा हे सहसा डिझाइनर ठरवत नाही, पॅकेजिंगवाले ठरवतात. मावसबहिणीला मी बाहुलीचं नाव सुचवलंच नाही, तिला आधी कंगवा घ्यायला सांगितलं.