स्वोपज्ञ टीका आणि रॅप

आपल्या ग्रंथावर आपणच टीका लिहिण्याची प्रथा आपल्या वाङ्मयपरंपरेला नवी नाही. हेमचंद्राने ‘काव्यानुशासना’ची सूत्रे स्वतःच विवरून सांगितली; जगन्नाथ पंडिताने तर ‘रसगंगाधरा’त उदाहरणांसाठीदेखील दुसऱ्या कवीच्या दारी जाण्याचे नाकारले. अशा टीकेला ‘स्वोपज्ञ’ म्हणत. अमेरिकेतील रॅपगायक जे-झी याचे ‘डीकोडेड’ हे २०१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक नेमके याच जातीचे आहे. ड्रीम हॅम्प्टन या लेखिकेच्या साहाय्याने सिद्ध झालेल्या या ग्रंथात त्याने आपली निवडक गीते छापली आहेत, त्यांना क्रमांकवार टीपा जोडल्या आहेत, आणि मधून मधून आत्मकथन गुंफले आहे. रॅप ही मुळात कानाने घेण्याची कला. ती कागदावर उतरवून वर तिच्यावर भाष्य करावे, असे तिच्या एका अग्रणी कलावंतास का वाटले असावे?

जे-झी १९६९ साली ब्रुकलिनमध्ये जन्मला आणि मार्सी नावाच्या सरकारी वसाहतीत वाढला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समध्ये कूल हर्क याने तबकड्या वाजवून जो जलसा केला, तेथून हिप-हॉपचा आरंभ मानण्याचा परिपाठ आहे. म्हणजे कला आणि कलावंत हे जवळजवळ बरोबरीने वाढले. मुलांच्या कोंडाळ्यात एक पोरगा तासन्‌तास उत्स्फूर्त यमके जुळवीत उभा आहे, हे त्याने बालपणी पाहिले आणि तो घरी जाऊन वही भरू लागला. पुढे अमली पदार्थांच्या व्यापारात रस्त्यावर असताना वही जवळ नसे. मग ओळी मनातच रचायच्या, मनातच घोळवायच्या, असा त्याचा अभ्यास झाला. लिहून न ठेवता रचना करण्याची त्याची ख्यातनाम पद्धत या अडचणीतून जन्मली, ही माहिती पुस्तकातील सर्वांत मोलाची आहे, असे मला वाटते. मौखिक परंपरेची पाठांतरशक्ती शहरी रस्त्यावर गरजेपोटी पुन्हा अवतरली, असाच तिचा अर्थ होतो.

ठेका आणि शब्दांचा ओघ यांविषयीचे त्याचे विवेचनही असेच आतून आलेले आहे. ठेका काळासारखा अढळ चालतो; त्याच्यावर स्वार होणे, मागे रेंगाळणे, त्याला चकवून पुन्हा गाठणे हे गायकाचे कर्तृत्व. साहित्याचे माध्यम नाद नव्हे, भावनात्मक अर्थ होय, असे मर्ढेकरांचे प्रतिपादन होते. रॅपपुढे ते अडखळते. येथे एखादा शब्द अर्धी मात्रा उशिरा पडला म्हणजे त्यातली बेफिकिरी व्यक्त होते. ती शब्दकोशातल्या अर्थात शोधून सापडणार नाही. छापील पानावर हीच गोष्ट हरवते, आणि टीपा कितीही असोत, त्यांना ती परत आणता येत नाही.

मग टीपा कोणते काम करतात? त्या प्रामुख्याने ‘मी’चा बचाव करतात. गीतातील ‘मी’ म्हणजे गायक नव्हे, ते एक पात्र आहे, हे जे-झी आग्रहाने सांगतो. आपल्याकडील कोणाही समीक्षकाला हे पटवावे लागू नये. परंतु काळ्या तरुणाचे काव्य गुन्ह्याच्या कबुलीसारखे वाचणाऱ्या समाजात हा मुद्दा वाङ्मयीन राहत नाही. ‘नाइंटी-नाइन प्रॉब्लेम्स’ (२००३) या गीतावरील भाष्य यादृष्टीने पाहावे. स्त्रीवाचक शिवी म्हणून ज्या शब्दावर टीका झाली, तो त्या गीतात ठिकठिकाणी अर्थ पालटतो, आणि रस्त्यात मोटार अडविण्याच्या प्रसंगात तो पोलिसांच्या कुत्रीला उद्देशून येतो, असे तो दाखवून देतो. श्लेष चांगला आहे. पण हेच कडवे केलेब मेसन या विधिप्राध्यापकाने २०१२ साली कायद्याच्या नियतकालिकात ओळीओळीने तपासले. डिकी कुलूपबंद असल्यामुळे झडतीस वॉरंट लागेल, ही गीतातील चालकाची समजूत अमेरिकी कायद्याला धरून नाही, हे त्याने दाखविले. कवीने न सांगितलेले असे एक सत्य वाचकाने काढले, आणि त्यामुळे पात्राची ऐट अधिक करुण झाली. स्वोपज्ञ टीकेची मर्यादा येथे दिसते: ती अर्थाचे दार उघडते, आणि उंबरठ्यावर स्वतःच उभी राहते.

हिप-हॉपचे पालटलेले जग पुस्तकात सलगपणे येत नाही; ते प्रसंगांतून कळते. १९९१ साली न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने बिझ मार्की याच्या विरुद्ध निकाल दिल्यापासून जुन्या तबकडीचा तुकडा परवानगीशिवाय घेणे धोक्याचे झाले. जे-झीला ‘हार्ड नॉक लाइफ’साठी (१९९८) ‘ॲनी’ या संगीतिकेतील गीत हवे होते. शालेय निबंधस्पर्धा जिंकून आपण ते नाटक पाहिले, अशी भावपूर्ण हकीकत त्याने हक्कदारांना पत्राने कळविली आणि परवानगी मिळविली. नाटक पाहिलेच नव्हते, पाहिला होता तो चित्रपट, तोही दूरचित्रवाणीवर. हे तो येथे मिस्किलपणे सांगून टाकतो. प्रसंग गमतीचा खरा. तथापि ब्राँक्समध्ये तबकडी उचलून ठेक्यासाठी फिरविणाऱ्यांना अर्ज लिहावा लागत नव्हता. पंचवीस वर्षांत कलेभोवती वकील उभे राहिले, आणि कलावंताने आपले कल्पनाचातुर्य अर्जाच्या मजकुरात खर्च केले! पहिला संग्रह (१९९६) कोणी काढीना म्हणून मित्रांसह स्वतःची कंपनी काढणारा हा गायक २००५ साली डेफ जॅम या मोठ्या कंपनीचा अध्यक्ष झाला. या चढणीचे वर्णन तो अभिमानाने करतो. तिने त्याच्या काव्यविषयाचे काय केले, याची चिकित्सा मात्र मला फारशी आढळली नाही. रस्त्यावरच्या व्यापाराची भाषा कचेरीतल्या व्यापाराला इतक्या सहज लागू पडते, याचे त्याला कौतुक वाटते. भय वाटावयास हवे होते.

गंमत अशी की, पुस्तकाला जे साधले नाही ते छपाईने साधले. पुस्तकाच्या प्रकाशनाच्या सुमारास दिलेल्या एका मुलाखतीत त्याने सांगितले की, काही गीते लिखित रूपात अधिक गहन वाटतात. ‘बिग पिंपिन’ मात्र नव्हे. स्त्रियांविषयीची त्यातली भाषा अक्षरांत समोर आली तेव्हा आपणच हे म्हटले यावर त्याचा विश्वास बसेना. दहा वर्षे ते गीत नाचघरांतून वाजत होते. ठेक्याने झाकलेले शब्द कागदावर उघडे पडले. येथे ‘मी’ हे पात्र आहे, हा बचाव त्याने पुढे केला नाही.