चित्रकृती आणि तिची पुरवणी

१

कलाकृती स्वयंपूर्ण असते की तिला बाहेरून काही आधार द्यावा लागतो, हा आपल्या समीक्षेतील जुना वाद आहे. कवितेला टीप जोडावी की नाही, नाटककाराने नाटकाला दीर्घ प्रस्तावना लिहावी की नाही, कवीच्या टाकून दिलेल्या ओळी त्याच्या मृत्यूनंतर छापाव्यात की नाही, अशा निरनिराळ्या रूपांत तो अधूनमधून डोके वर काढतो. चित्रपटांच्या उच्च स्पष्टतेच्या तबकड्यांमुळे हाच वाद आता एका नव्या क्षेत्रात शिरला आहे. ब्लू-रे या नावाने या तबकड्या २००६ साली बाजारात आल्या. त्यांवर मूळ चित्रपटाबरोबर दिग्दर्शकाचे निवेदन, नटांच्या मुलाखती, गाळलेली दृश्ये, चित्रीकरणाची हकीकत असा बराच मजकूर दिला जातो. ही पुरवणी असावी की नसावी, हा प्रश्न वरवर पाहता व्यापाऱ्याचा किंवा हौशी संग्राहकाचा वाटतो. वस्तुतः तो टीकाकाराचा आहे. कारण कलाकृतीच्या शेजारी काय बसवावे आणि काय बसवू नये हे ठरविणे म्हणजेच टीकेच्या कार्याविषयी भूमिका घेणे होय.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मुख्यतः छत्तीसगडच्या भूमीवरून करावयाचा आहे. रायपूरच्या आग्नेयेस वसविण्यात आलेली नवा रायपूर ही राजधानी पूर्वयोजित नगरी आहे. तिला स्वतःचा भूतकाळ नाही. म्हणूनच की काय, तेथे २००६ साली ‘पुरखौती मुक्तांगण’ उभारण्यात आले आणि या प्रदेशातील लोकजीवनाची रूपे त्यात शिल्पांतून मांडण्यात आली. नव्या वस्तूला स्मृतीची पुरवणी जोडण्याची गरज माणसाला वाटतेच, असा त्याचा अर्थ. आता याच नगरीत चित्रनगरी उभारण्याची योजना शासनाने हाती घेतली आहे. तेव्हा चित्रपटाची स्मृती कोठे व कशी ठेवावी, हा प्रश्न येथे केवळ तात्त्विक राहिलेला नाही.

२

पुरवणीच्या विरोधी पक्षाचे म्हणणे प्रथम ऐकले पाहिजे, कारण ते दुबळे नाही. मर्ढेकरांच्या लयविचाराला प्रमाण मानणारा समीक्षक म्हणेल की, चित्रपटाचा अनुभव हा प्रतिमांच्या व ध्वनींच्या परस्परसंबंधांतून सिद्ध होतो. त्या संबंधांच्या बाहेरचे जे काही आहे ते चरित्र असेल, इतिहास असेल, पण सौंदर्यानुभवाचा घटक नव्हे. पावसाचे दृश्य नळाच्या पाण्याने घेतले की आकाशातल्या, हे कळल्याने त्या दृश्याची लय तसूभरही बदलत नाही. उलट, ते कळल्यानंतर पुढच्या वेळी रसिकाला पाऊस न दिसता नळ दिसण्याचा संभव अधिक. दिग्दर्शकाने स्वतः उलगडलेला अर्थ तर त्याहून घातक होय. प्रेक्षक तो अंतिम मानतो आणि स्वतः पाहण्याचे श्रम सोडून देतो.

दुसरा आक्षेप अगदी भौतिक आहे, आणि पुष्कळ टीकाकार तो ध्यानातच घेत नाहीत. तबकडीवरील जागा मर्यादित असते. एका थराच्या ब्लू-रे तबकडीत २५ गिगाबाइट मावतात, दोन थरांच्या तबकडीत ५०. सेकंदाला ३० मेगाबिट या गतीने दोन तासांच्या चित्रपटाचे नुसते चित्र साठवावयाचे झाले तरी सुमारे २७ गिगाबाइट लागतात, ध्वनी त्याखेरीज. म्हणजे एका थरात तेवढेही मावत नाही, आणि दोन थरांच्या तबकडीवर दोन-तीन तासांची पुरवणी ठासून भरली की चित्रपटाच्या वाट्याची जागा घटते. चित्र अधिक दाबून बसवावे लागते. धुक्यातील, अंधारातील, धुराच्या रेषांतील बारकावे प्रथम नाहीसे होतात. ज्या स्पष्टतेसाठी ही तबकडी निर्माण झाली तिचाच बळी देऊन जर नटनट्यांच्या गप्पा ऐकावयाच्या असतील, तर तो व्यवहार आतबट्ट्याचा होय. मूळ संहितेचा कागद हलका वापरून प्रस्तावना गुळगुळीत कागदावर छापण्यासारखेच ते आहे.

हे दोन्ही आक्षेप मान्य केले तरी त्यांतून निष्पन्न काय होते? दुसऱ्यावर उपाय सरळ आहे: पुरवणी निराळ्या तबकडीवर द्यावी. पहिला आक्षेप मात्र अधिक खोल विचाराची अपेक्षा करतो. तो अर्थ लादणाऱ्या भाष्यास लागू पडतो, यात शंका नाही. पण सर्वच पुरवणी भाष्य नसते, आणि सर्वच भाष्य लादणारे नसते.

३

पुरवणीची कल्पना परदेशी आहे असा एक समज आहे. १९८४ साली अमेरिकेत ‘क्रायटेरियन’ने ‘किंग काँग’ची लेझर-तबकडी काढली. तिच्यावर रोनाल्ड हेव्हर यांचे चित्रपटभर चालणारे निवेदन होते आणि तेथून ही प्रथा रूढ झाली, हे खरे. पण तिचे बीज आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधी पडले होते. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणाऱ्या दादासाहेब फाळके यांनी १९१७ च्या सुमारास चित्रपट कसे तयार होतात हे दाखविणारा एक लघुपट काढला. त्याचे जे अवशेष उरले आहेत त्यांत स्वतः फाळके काम करताना दिसतात. जादूगाराने आपली पोतडी प्रेक्षकांपुढे उघडावी तसा हा प्रकार होता. त्याने ‘राजा हरिश्चंद्र’ची मोहिनी उणावली नाही. उलट, हे एका देशी माणसाने हाताने घडविले आहे, हा विश्वास त्यातून मिळत असला पाहिजे. पारतंत्र्यातील प्रेक्षकाला त्या विश्वासाची किंमत होती.

याहूनही मागे गेल्यास असे दिसते की, मूळ कृतीशेजारी टीका ठेवणे ही आपली फार जुनी रीत आहे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच. पण ती इतकी समर्थ निघाली की मराठी मनाने तिला मूळ ग्रंथाचा मान दिला. मल्लिनाथाने कालिदासाच्या काव्यांवर भाष्य करताना स्वतःवर दोन बंधने घालून घेतली होती: ज्याला आधार नाही ते लिहावयाचे नाही आणि ज्याची अपेक्षा नाही ते सांगावयाचे नाही. तबकडीवरील पुरवणीची परीक्षा घेण्यास या दोन कसोट्यांपलीकडे तिसरी शोधण्याची गरज मला वाटत नाही. सांगितलेल्या गोष्टीला पुरावा आहे काय? आणि ती कृतीनेच मागितली आहे काय?

बाजारातील पुष्कळशा भारतीय तबकड्या या कसोट्यांना उतरत नाहीत, हे कबूल केले पाहिजे. गाण्यांची यादी, जाहिरातीचा तुकडा, आणि एकमेकांची स्तुती करणारे कलावंत, एवढ्यालाच तेथे ‘विशेष’ म्हणतात. ही पुरवणी नव्हे, भिंतीवरील जाहिरातीचा चिटोरा आहे. पण वाईट प्रस्तावना लिहिल्या जातात म्हणून प्रस्तावना या प्रकारावरच बंदी घालावी असे कोणी म्हणत नाही.

४

आता छत्तीसगडच्या दोन चित्रपटांकडे वळू. दोन्ही साहित्याशी निगडित आहेत. दोघांची मागणी मात्र परस्परविरुद्ध आहे.

पहिला श्याम बेनेगल यांचा ‘चरणदास चोर’ (१९७५). रायपुरात जन्मलेल्या हबीब तन्वीर यांचे याच नावाचे नाटकही १९७५ चेच. मूळ कथा राजस्थानी लेखक विजयदान देथा यांची. तन्वीरांनी ती छत्तीसगडी बोलीत आणली, ‘नाचा’ या लोकनाट्याच्या कलावंतांच्या हाती दिली, तिचा शेवट बदलला आणि सतनामी पंथाच्या पंथी गीतांचा सूर तिला जोडला. सत्य हाच ईश्वर, ही गुरू घासीदासांची शिकवण त्या गीतांत आहे. चोरी न सोडणारा पण खोटे बोलण्यास नकार देऊन प्राण गमावणारा चोर हा त्यामुळे केवळ विनोदी पात्र राहिला नाही. १९८२ साली एडिंबरोच्या महोत्सवात या नाटकाला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. नया थिएटरचे लालूराम, मदनलाल यांच्यासारखे नट चित्रपटातही आहेत, आणि राजकन्येच्या भूमिकेत स्मिता पाटील आहेत.

हा चित्रपट पुण्याच्या किंवा कोचीच्या रसिकाने कोणतीही पुरवणी न पाहता पाहिला तर त्याला एक गमतीदार बालचित्रपट दिसेल. ते दिसणे चुकीचे नाही, पण अपुरे आहे. नट ज्या रीतीने प्रेक्षकांकडे वळून बोलतात ती ‘नाचा’ची रीत होय, अभिनयातील कच्चेपणा नव्हे, हे त्याला कोणी सांगावयाचे? बोलीतील श्लेष कोणी उलगडावयाचा? येथे पुरवणी कृतीने स्वतः मागितलेली आहे. नाचाचा एखादा चित्रित प्रयोग, पंथी गीतांचे ध्वनिमुद्रण, नाटकाचा प्रयोग व चित्रपट यांतील फरक, एवढे दिले तरी पुरे. त्यात आणखी एका गोष्टीची भर घालावी लागेल. ८ जून २००९ रोजी तन्वीरांचे निधन झाले आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात सतनामी समाजातील काहींच्या आक्षेपावरून राज्य शासनाने या नाटकाच्या पुस्तकावर निर्बंध घातले. ज्या पंथाच्या सत्यनिष्ठेतून नाटकाला बळ मिळाले त्याच पंथातील काहींना ते अवमानकारक वाटावे, ही घटना टीकाकाराने टाळून चालणार नाही. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे आणि नाटकाच्या पाठीराख्यांचे म्हणणे शेजारी शेजारी ठेवणे, हे पुरवणीचे काम आहे. निवाडा प्रेक्षकाने करावा.

दुसरा चित्रपट मणी कौल यांचा ‘सतह से उठता आदमी’ (१९८०). गजानन माधव मुक्तिबोध मराठीभाषी घरातले, मराठी कवी व समीक्षक शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे बंधू. पण त्यांनी लिहिले हिंदीत, आणि अखेरची वर्षे राजनांदगावच्या महाविद्यालयात अध्यापन करून काढली. १९६४ साली ते गेले. मणी कौल यांनी त्यांच्या कविता, कथा आणि चिंतनपर लेखन यांच्या धाग्यांतून हा चित्रपट विणला. कथानकाचा आधार त्यात जवळजवळ नाही. आवाज, चेहरे, रिकाम्या जागा यांच्या लांबत जाणाऱ्या लयीवरच तो उभा आहे. येथे एखादा निवेदक प्रत्येक दृश्याचा अर्थ सांगू लागला तर चित्रपटच संपतो. मर्ढेकरी आक्षेप येथे पूर्णपणे लागू आहे. तथापि याही चित्रपटाला पुरवणी हवीच. ती म्हणजे मुक्तिबोधांच्या मूळ लेखनाचा पाठ. कोणते वाक्य कोठून आले, काय गाळले, कोणता क्रम बदलला, हे ज्याला पाहता येईल त्याला दिग्दर्शकाने केलेले वाचन कळेल. अर्थ सांगू नये, साधने द्यावीत.

या दोन उदाहरणांवरून असे दिसते की, पुरवणी असावी की नसावी हा प्रश्न सरसकट विचारणे हीच चूक आहे. एका कृतीला संदर्भ लागतो, दुसरीला पाठ. तिसरीला कदाचित मौनच लागेल. काय लागते हे ओळखणे ही टीकाबुद्धी होय.

५

पाठाचा मुद्दा अधिक विस्ताराने पाहण्याजोगा आहे, कारण पुरवणीचे सर्वांत भक्कम समर्थन त्यातच आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली आणि १९६६ साली ते कार्य पुरे झाले. प्रक्षिप्त ठरलेले श्लोक संपादकांनी फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. वाचकाला शुद्ध संहिता मिळाली आणि परंपरेने काय काय जोडले हेही कळले. चित्रपटातील गाळलेल्या दृश्यांचे स्थान हेच असावे. ती मूळ चित्रपटात पुन्हा घुसडू नयेत, पण नष्टही करू नयेत.

प्रभातचा ‘कुंकू’ आणि त्याचे हिंदी रूप ‘दुनिया न माने’ हे दोन्ही १९३७ चे. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून शांतारामांनी ते केले. कादंबरीचा संबंधित भाग आणि दोन्ही भाषांतील चित्रपट एकाच संचात ठेवले तर भाषा बदलल्याने शब्दाचा भार, विनोदाची जात, प्रेक्षकाविषयीचे गृहीत कसे बदलते, याचा अभ्यास कोणत्याही विद्यापीठाच्या वर्गात करता येईल. ‘राजा हरिश्चंद्र’ची तर गोष्टच निराळी. आज जी रिळे उपलब्ध आहेत ती १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत मतभेद आहे. अशा कृतीची तबकडी हा मतभेद न सांगता काढणे म्हणजे प्रेक्षकाची दिशाभूल होय. सत्यजित राय यांच्या अपू-चित्रत्रयीच्या मूळ निगेटिव्हांना १९९३ साली लंडनमधील आगीत मोठी इजा झाली. पुढे त्यांचे उरलेले भाग आणि अन्य प्रती जुळवून २०१५ साली ती पुन्हा प्रकाशात आली. या उद्धाराची हकीकत तबकडीवर असणे ही प्रामाणिकपणाची बाब आहे. आपण जे पाहत आहोत ते कोठून आले, हे जाणण्याचा प्रेक्षकाला हक्क आहे.

६

तबकडीचे युग आता ओसरत आहे. चित्रपट आंतरजालावरून येतात आणि बहुधा एकटेच येतात. पुरवणी वाटेत गळून पडते. तेव्हा वाद पुरवणीच्या अतिरेकाविषयी राहिला नसून तिच्या अभावाविषयी आहे. १९६५ साली मनु नायक यांनी ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगडी चित्रपट काढला. जातिभेद ओलांडणारे प्रेम हा त्याचा विषय. अशा चित्रपटाभोवतीच्या आठवणी, कागदपत्रे, गीतांच्या ध्वनिमुद्रणाच्या कथा ज्यांच्यापाशी आहेत ती माणसे एकेक करून जात आहेत. मोठ्या भाषांतील चित्रपटांची पुरवणी कोणीतरी केव्हातरी लिहील. लहान भाषांची ती आज लिहिली गेली नाही तर कधीच लिहिली जाणार नाही.

या प्रदेशाला टीकेची परंपरा नाही असेही नव्हे. पेंड्रा येथून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ काढणाऱ्या माधवराव सप्रे यांनी त्या मासिकात ग्रंथपरीक्षणाला मानाचे स्थान दिले. ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणाऱ्या या मराठीभाषी संपादकाने मूळ ग्रंथ आणि परका वाचक यांच्यामध्ये उभे राहण्याचे काम आयुष्यभर केले. चांगली पुरवणी याहून निराळे काय करते?

तात्पर्य, तबकडीवर पुरवणी असावी. पण ती चित्रपटाची जागा खाऊन नव्हे, त्याचा अर्थ आधीच चघळून नव्हे, आणि त्याची जाहिरात करण्यासाठी तर मुळीच नव्हे. तिला आधार असावा आणि तिची अपेक्षा असावी. नवा रायपुरात चित्रनगरी उभी राहील तेव्हा तेथे चित्रीकरणासाठी रस्ते, वाडे आणि मंदिरे बांधली जातील. त्यांतील एखादी खोली नाचाच्या ध्वनिमुद्रणांसाठी, जुन्या पटकथांसाठी आणि वृद्ध कलावंतांच्या निवेदनांसाठी राखून ठेवली जावी. पुढच्या टीकाकाराला तबकडी मिळेल न मिळेल. ही साधने तरी त्याला मिळाली पाहिजेत.